बर्डीवर काळ्या पिशवीत घेतलेला क्रॉसबो आणि माझे 30,500

आधीच सांगून टाकतो, हरीण मारायचा माझा काहीच विचार नव्हता. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, चितळ मारलं तर जेल, आणि पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला एवढ्या जवळ असताना नागपुरातल्या पोट्ट्यापोट्ट्याला हे माहीत आहे. पण माझा आत्तेभाऊ ओहायोत असतो, तिकडे परवाना काढून हंगामात क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीसारखा ट्रिगर दाबून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याने, हरणाला जातो, दिवाळीत आला तर रोज रात्री तेच व्हिडिओ दाखवून राहिला आणि मला किडा चावला. काटोलकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथे कडब्याच्या पेंढ्या रचायच्या, त्याच्यावर कागद लावायचा आणि सुट्टीच्या दिवशी टार्गेट मारायचं, एवढंच डोक्यात होतं.

आत्तेभावाने जाताना नीट सांगितलं होतं बरं का. पहिला क्रॉसबो घेताना जाहिरातीतल्या स्पीडवर जाऊ नको, कारण तो आकडा हलक्यातला हलका बाण लावून काढतात, जड बाण लावला की तोच धनुष्य हळू मारतो. ओढायचं वजन, म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागतो ते पाहा, दोरी किती इंच मागे येते ते पाहा, कारण वजन तेवढंच असून दोरी कमी मागे येत असेल तर बाणात जोर येत नाही. आणि रिकामा कधीच सोडायचा नाही, बाण नसला की सगळी ताकद धनुष्याच्या पात्यातच जिरते आणि पाती फुटतात. मी हो हो म्हणत ऐकलं, लिहून काही घेतलं नाही.

मग मोबाईलवर जाहिरात दिसली. ओढायचं वजन 175 पाउंड, स्पीड 400 फूट सेकंदाला, ‘डिअर हंटिंग स्पेशल’, किंमत 26,500, नागपुरातच डिलिव्हरी. माणूस फोनवर एकदम गोड, दर वाक्याला दादा. परवान्याचं विचारलं तर म्हणे स्पोर्ट्सचा आयटम आहे दादा, काही लागत नाही, आणि मी विकणाऱ्याच्याच तोंडावर विश्वास ठेवला, हे आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारायला पाहिजे होतं. त्याने एक व्हिडिओ पाठवला, स्पीड मोजायच्या मशीनवर 398 येते. त्या व्हिडिओत मागे बर्फ होता, बर्फ, आणि गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. हे मला पैसे गेल्यावर दिसलं.

अजून एक गोष्ट तेव्हा कळली नाही. चॅटवर तो सारखा हरणाचा विषय काढायचा. "दादा चितळ एका बाणात बसते बघा", "रोही तर उभ्या उभ्या". रोही म्हणजे नीलगाय. मी आपला हसण्याच्या इमोजी टाकायचो, एकदा तर "हो का, मग पार्टी करू" असंही लिहिलं. गंमत वाटली. हे का करून राहिला होता ते पुढे सांगतो.

10,000 यूपीआयने आधी घेतले. बाकीचे 16,500 रोख, बर्डीवर म्हणजे सीताबर्डीला मेट्रोच्या इंटरचेंज स्टेशनच्या खाली, एक पोरगा ॲक्टिव्हावर आला. खोका काळ्या पिशवीत, वरून टेप गुंडाळलेला. मी उघडायला लागलो तर म्हणतो, "भाऊ इथे नका उघडू ना, कोणी पाहिलं तर पंचाईत होईल." मलाही ते पटलं! माल न पाहता पैसे देऊन वरून मीच इकडेतिकडे बघत घाईघाईने निघालो, जसं काही मीच चोर आहे.

घरी उघडला तर दिसायला झकास, स्टिकरवर 175 लिहिलेलं. रविवारी शेतात नेला. माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने बसल्या बसल्या हाताने दोरी मागे ओढून लॅचमध्ये बसवली. आता 175 पाउंड म्हणजे 79 किलो होतात, ते पोरगं स्वतः 40 किलोचं नाही. आमच्या बाबांकडे वेचणीचा कापूस मोजायचा हुकाचा काटा आहे, तो दोरीला अडकवून हळूहळू ओढला, बाण न लावता आणि ट्रिगरला हात न लावता. लॅच बसला तेव्हा काटा 36 किलोवर. म्हणजे जेमतेम 80 पाउंड. किलोत यायला पाहिजे होता तो आकडा पाउंडात आला, एवढाच काय तो ताळमेळ. दोरी मागे येते सात इंच. बाबा एवढंच म्हणाले, "कापूस घेणारा व्यापारी बरा याच्यापेक्षा."

तरी म्हटलं खेळू. सोबत दिलेले बाण, त्याला बोल्ट म्हणतात, त्यांचं मागचं टोक म्हणजे नॉक, ते त्या दोरीला बसतच नव्हतं. नॉक कधी सपाट असतो, कधी अर्धचंद्रासारखा खाचेचा, आणि जो क्रॉसबो ज्या नॉकसाठी बनवला तोच लावावा लागतो, नाहीतर दोरी बाणाच्या वरून निसटते आणि तो रिकामा सोडल्यासारखाच होतो. हे सगळं ज्ञान चौथ्या बाणानंतर फोनवर मिळालं. चौथ्या बाणाला दोरी वरून गेली, डावं पातं उभं फाटलं, एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला. नशीब भाचा मागे उभा होता, आणि माझा अंगठा खाली होता, कारण अंगठा वर राहिला तर दोरी तो घेऊनच जाते.

विकणाऱ्याला फोन केला. म्हणे तुम्हीच रिकामा सोडला असेल, पण चला दादा, तुमच्यासाठी नवीन पातं मागवतो, कस्टम ड्युटीचे 4,000 टाका. आणि मी टाकले. बायकोला हे 4,000 अजूनही सांगितले नाहीत, ती हे वाचत नाही अशी आशा आहे.

दोन हप्ते गेले, पातं काही आलं नाही. मी म्हटलं तक्रार करतो, तर भाऊचं दादा-दादा एकदम बंद. त्याने माझ्याच चॅटचे स्क्रीनशॉट मला पाठवले. चितळ, रोही, पार्टी करू. खाली लिहिलं, "करा तक्रार, मीही फॉरेस्टवाल्यांना दाखवतो." मग ब्लॉक. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून हेच जमा करून राहिला होता. माल खोटा, व्हिडिओ चोरीचा, पण माझं गप्प बसणं मात्र त्याने पक्कं करून ठेवलं होतं.

महिनाभर गप्पच बसलो. शेवटी आत्तेभाऊ म्हणाला अरे तू काही मारलं नाहीस ना, मग घाबरतो काहून? सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, यूपीआयच्या दोन्ही पावत्या जोडल्या आणि ते पार्टीवालं चॅटही स्वतःच जोडलं, लपवलं असतं तर त्याने दाखवलं असतंच. ठाण्यात पहिला प्रश्न आला, "हे घेतलंच कशाला?" पंधरा मिनिटं घाम फुटला, मग जबाब लिहून घेतला. खूप उशीर झाला होता, त्या खात्यात काही उरलं नाही. त्याच दिवशी फोन केला असता तर पैसे अडकवता आले असते असं तिथल्या बाईंनी सांगितलं. बर्डीवर रोख दिलेल्या 16,500 चा तर कागदच नाही.

परवा भाच्याने मोबाईल आणून दाखवला. नवीन पेज, नवीन नाव, किंमत 31,000, तोच बर्फाचा व्हिडिओ. खाली ‘आमचे समाधानी ग्राहक’ म्हणून एक फोटो आहे, निळ्या टीशर्टमधला जाडा माणूस क्रॉसबो धरून हसतोय, मागे संत्र्याचं झाड आणि बाबांची बाज. शेतात नेला त्या रविवारी हौसेने मीच तो पाठवला होता. तो फोटो कुठे दिसला तर पैसे टाकू नका, तो मी आहे.