कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची टाळूची कवळी : वर्षभर वापरल्यावर

वरच्या जबड्याचा कॅन्सर काढताना टाळूचा डावा भाग, त्या बाजूचे दात आणि त्यामागचं हाड असं सगळं गेलं. आता तिथं पोकळी आहे आणि ती थेट नाकात उघडते. ही पोकळी बुजवणारी, वर दात लावलेली कवळी मी गेलं वर्षभर वापरतोय. डॉक्टर तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात, आम्ही घरी नुसतं प्लेट म्हणतो. कॅन्सरनंतरचे दात म्हणून नेटवर शोधायला जा, हसऱ्या चेहऱ्यांच्या इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवायच्या दातांच्या, जाहिरातीच जास्त येतात. पण वरचा जबडा गेलेल्या माणसाला दात ही तिसरी गरज असते. पहिली पाणी, दुसरी बोलणं. ह्या क्रमानंच माझं मत सांगतो.

प्लेट काढून पाण्याचा घोट घेतला की तो नाकातून बाहेर येतो. चहा, ताक, आमटी, सगळ्याचं तेच. आणि बोलताना हवा नाकातून निसटते, त्यामुळे प, ब, ट, ड अशी तोंडात हवा दाबून सोडायची अक्षरं फुटतच नाहीत. 'प'चा 'म' होतो. माझं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. 'पाऊण इंची पाइप' हे माझ्या तोंडून 'माऊण इंची माइम' असं निघायचं. समोरचं गिऱ्हाईक बोटानं दाखवून भागवायचं, फोनवरची ऑर्डर मात्र मुलालाच घ्यावी लागायची.

प्लेट बसवल्यावर पाणी पहिल्याच घोटाला नीट गिळलं गेलं. आजही मान सरळ ठेवून प्यायलं तर थेंब येत नाही. खाली वाकून नळाला तोंड लावलं तर येतो. बोलण्याचं म्हणाल तर दुकानातलं ओळखीचं माणूस सगळं समजतं, फोनवर नवीन माणसाला एखादा शब्द दोनदा सांगावा लागतो. स आणि श अजून थोडे शिट्टी मारतात.

आता ही मिळते कशी, कारण खरी मेख तिथंच आहे. प्लेट एक नसते, तीन असतात. पहिली ऑपरेशनच्या आधीच तयार लागते. ऑपरेशनच्या आधी तोंडाचं माप घेतात, सर्जन कुठवर कापणार त्याच्या खुणा त्या साच्यावर करून प्लेट बनवतात आणि टेबलावरच बसवतात. ती जखमेतलं पॅकिंग धरून ठेवते आणि तोंड-नाक वेगळं राखते. शुद्धीवर आल्यावर मी गेंगाणा का होईना, पण बोललो, ते तिच्यामुळे. वॉर्डात माझ्या शेजारी याच ऑपरेशनचे एक आजोबा होते. त्यांचं माप आधी घेतलंच गेलं नव्हतं. ते कितीतरी दिवस पाटीवर लिहून दाखवायचे. म्हणून ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी सर्जनला सरळ विचारावं, 'प्रोस्थोच्या, म्हणजे कवळ्या आणि कृत्रिम दात बनवणाऱ्या डॉक्टरांना आधी दाखवायचं ना?' परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी वेगळा विभागच आहे, पण सगळीकडे तशी सोय नसते आणि गडबडीत हे राहून जातं.

त्याच भेटीत उरलेल्या दातांचाही हिशोब होतो. जे दात टिकणार नाहीत ते रेडिएशनच्या आधी काढतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे देतात. कारण रेडिएशननंतर हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दात काढला तर ती जागा भरेलच असं नाही, हाड उघडं पडून सडू शकतं. हा धोका खालच्या जबड्याला जास्त, पण वरच्याला नाहीच असं नाही. उलट जे दात चांगले आहेत ते वाचवण्यासाठी जिवाचं रान करावं, कारण पुढं सगळी प्लेट त्यांच्यावरच लटकणार असते.

दुसरी प्लेट तात्पुरती, गुलाबी अ‍ॅक्रिलिकची, तारेच्या आकड्यांवर अडकणारी. तिच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं फार नाही. जखम आकसते तशी पोकळी बदलत जाते आणि दर काही दिवसांनी आतून मऊ अस्तर भरून घ्यावं लागतं. रेडिएशनला सहा आठवडे लागतात. त्यातल्या शेवटच्या दिवसांत तोंड इतकं सोलवटलं होतं की प्लेट फक्त पाणी आणि पेज घेण्यापुरती घालायचो.

या काळातलं सर्वांत महत्त्वाचं काम प्लेटशी संबंधित वाटत नाही, पण आहे. तोंड उघडण्याचा व्यायाम. रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू आखडतात. धडधाकट माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडतं, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी मावतात. ३५च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला आखडलेलं तोंड धरतात. लाकडी आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि एकेक काडी वाढवत न्यायची, दिवसातून चार-पाच वेळा. दुखतं, डोळ्यात पाणी येतं. पण तोंडच उघडलं नाही तर मापाचा ट्रे आत जाणार कसा आणि तयार प्लेट बसणार कशी? तंबाखू-गुटख्यानं ज्यांचं तोंड आधीच आखडलेलं असतं त्यांचे हाल जास्त. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे म्हणतात. आमच्या दुकानासमोरची टपरी पाहून तसं वाटत नाही.

तिसरी, कायमची प्लेट रेडिएशन संपून काही महिने गेल्यावर, पोकळीचा आकार स्थिरावल्यावर करतात. मी ती सरकारी डेंटल कॉलेजात करून घेतली. चकरा भरपूर होतात. शिकणारे डॉक्टर काम करतात आणि प्रत्येक पायरीला सरांना दाखवतात, त्यामुळे अर्धा दिवस जातो. पण घाई कुणाला नसते, हे या कामात फार उपयोगाचं. मापाच्या दिवशी आधी पोकळीत व्हॅसलीन लावलेलं दोरा बांधलेलं गॉज ठेवतात, म्हणजे मापाचा लगदा नाकात जाऊन अडकत नाही. मग मेणावर दात लावून बघतात. तिथली डॉक्टर मुलगी म्हणायची, "काका, पापड म्हणा. आता साठ ते सत्तर मोजा." मी मोजायचो, ती ऐकायची, मेण थोडं गरम करून आकार बदलायची आणि पुन्हा साठपासून. एकदा सरांनी सांगितलं की सोळाव्या शतकात पारे नावाचा फ्रेंच सर्जन टाळूच्या भोकात स्पंज लावलेली धातूची पट्टी बसवायचा. स्पंज ओला झाल्यावर त्याचा वास काय येत असेल, हाच विचार माझ्या मनात आला.

कॉलेजातल्या या विभागाचा हात असल्या कामात बसलेला होता, त्यामागं एक वाईट कारण आहे. २०२१च्या काळ्या बुरशीत आपल्या राज्यात अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले. त्या पेशंटांच्या प्लेटा करून करून सराव झालेला.

प्लेटचा सांगाडा कोबाल्ट-क्रोमियमचा आहे, पातळ आणि कडक. उजव्या बाजूच्या दातांना त्याचे आकडे धरतात. डाव्या बाजूला पोकळीत जाणारा गोळा आहे आणि तो आतून पोकळ आहे. हे आवर्जून विचारा. भरीव गोळा जड होतो आणि त्याचं वजन दिवसभर चांगल्या दातांना ओढत राहतं. पाइपच्या जोडात वॉशर बसतो तसा हा गोळा कडेनं चपखल बसला तरच गळती थांबते. जास्त दाबला की आत जखम होते. माझ्या गालाच्या बाजूला जखम झाली होती, दोनदा घासून कमी केल्यावर बरी झाली.

चावण्याबद्दल अपेक्षा कमी ठेवा. मी फक्त उजव्या बाजूनं चावतो. डाव्या बाजूचे दात दिसण्यासाठी आणि ओठ-गालाला आधार म्हणून. तिथं चावलं की प्लेट डुगडुगते आणि दुसरीकडून सुटते. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खातो. लाळ कमी झाल्यामुळे कोरडं काही उतरतच नाही, प्रत्येक घासाला पाणी लागतं. पोहे चालतात पण ओलसर हवेत. तीळ, खसखस, शेंगदाण्याचा जाडसर कूट यांचा कण प्लेटवर चढला की बास, उठून प्लेट धुवावी लागते. तिखट अजून झोंबतं. मटणाचा रस्सा घरची माझ्यासाठी वेगळा काढते, खोबरं जास्त घालून.

निगा राखायला सोपी, पण रोजची. प्रत्येक जेवणानंतर काढून मऊ ब्रश आणि साध्या साबणानं धुतो. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, उकळत्या पाण्यानं आकार बिघडतो. धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. हळदीचा पिवळा डाग काही केल्या जात नाही, मी तो नाद सोडलाय. पोकळी कोमट मिठाच्या पाण्यानं धुवायची, नाहीतर खपल्या साचतात आणि वास येतो. मध्यंतरी टाळूला पांढरे डाग येऊन आग व्हायला लागली. बुरशी निघाली, औषधानं गेली, पण प्लेट रात्री काढून पाण्यात ठेवायला सांगितलं ते तेव्हापासून. सुरुवातीच्या महिन्यांत मात्र रात्रीही घालायला लावली होती, कारण काढून ठेवली की सकाळी बसायची नाही. उरलेल्या दातांना रोज फ्लोराइडचं जेल लावतो. लाळ नाही म्हटल्यावर दात किडायला वेळ लागत नाही.

खर्च : ऑपरेशन आणि रेडिएशन फुले जन आरोग्य योजनेतून झालं. कायमची प्लेट कॉलेजात, लॅबच्या पैशांसकट, पंधरा हजारांच्या आत बसली. खासगीत चौकशी केली होती, आकडा याच्या कितीतरी पट होता. तिथल्या डॉक्टरांनी माझी फाइल न वाचताच इम्प्लांटचा आग्रह धरला, तेव्हा उठून आलो.

इम्प्लांटचं वावडं नाही. वरचं हाडच गेलेल्यांना गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवून त्यावर प्लेट अडकवता येते आणि ती डुगडुगत नाही. पण रेडिएशन घेतलेल्या हाडात इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण साध्या हाडापेक्षा कमी असतं, आणि रेडिएशननंतर घाई न करता सहा महिने ते वर्ष थांबायला सांगतात. खर्च लाखांत जातो. दुसरं, काढघाल करायच्या प्लेटचा एक फायदा मला आधी कळला नव्हता. दर तपासणीला मी ती काढून देतो आणि कॅन्सरचे डॉक्टर बॅटरी मारून सगळी पोकळी डोळ्यांनी बघतात. एमआरआयच्या आधी धातूचा सांगाडा काढून ठेवता येतो, फोटो बिघडत नाही. ही बघणी पहिली दोन वर्षं सर्वांत महत्त्वाची, असं सर्जन म्हणतात, आणि माझं अजून त्यातलं एकच झालंय. ती पार पडू देत, मग उजवीकडचे दात कितपत टिकलेत ते बघून गालाच्या हाडाचा स्कॅन काढायचा असं ठरलंय. तोवर डावी कड सैल झालीय, तिचं अस्तर पुढच्या महिन्यात भरून घ्यायचंय. त्या दिवसापुरती जुनी अ‍ॅक्रिलिकची प्लेट जपून ठेवलीय. तुम्हीही तुमची टाकू नका.