दाराचं बाहेरचं हँडल तुटलंय: स्वतः बदलावं, गॅरेजला द्यावं की सर्व्हिस सेंटरला?

बाहेरचं हँडल तुटलं की बरेच जण काच खाली घेतात, हात आत घालून दार उघडतात आणि काम पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलतात. मला हे मुळीच पटत नाही. उद्या अपघात झाला आणि आतला माणूस बेशुद्ध असला, तर धावून आलेले लोक दार बाहेरूनच उघडणार. पुणे-हैदराबाद रस्त्यावर ज्यांची रोजची ये-जा आहे, त्यांनी तर हे काम लांबवूच नये. मागच्या दाराचं हँडल गेलं असेल आणि चाइल्ड लॉकही लावलेलं असेल, तर ते दार आतूनही उघडत नाही आणि बाहेरूनही नाही. अशा वेळी काच खाली घेऊनही काही जमत नाही. आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या बाजूला मुलांना बसवू नका.

आता बदलायचं कुणी? बहुतेक जण आधी मजुरी विचारतात. माझ्या मते आधी हँडलची जात बघावी, कारण निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

दार उघडा आणि लॅचच्या, म्हणजे दार अडकवून ठेवणाऱ्या खटक्याच्या, बाजूची कड बघा. हँडलच्या उंचीवर रबराचं किंवा प्लास्टिकचं छोटं गोल बूच दिसलं, तर घरी करायला हरकत नाही. मुठीत धरून ओढायची हँडलं असलेल्या बऱ्याच गाड्यांत ही सोय असते. बुचामागे एक स्क्रू असतो, अनेकदा स्टार बिटचा, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचा. तो सुटला की हँडलच्या मागची छोटी टोपी बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराला बहुधा तिथंच किल्लीचं लॉक असतं. मग हँडल मागे सरकवून बाहेर ओढायचं, की निघालं. दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, उघडावं लागत नाही. एवढं मात्र जपा: काही गाड्यांत हा स्क्रू पूर्ण काढायचाच नसतो, नुसता ढिला करायचा असतो. पूर्ण काढला तर आतला भाग दाराच्या पोकळीत पडतो आणि पॅड उघडल्याशिवाय हाताला लागत नाही. म्हणून एक-दोन फेरे फिरवायचे, टोपी हलते का बघायचं, मगच पुढं जायचं.

मारुती ८००, ओम्नी किंवा जुन्या अल्टोसारखं बोटं घालून वर उचलायचं हँडल असेल, तर गोष्ट वेगळी. ते आतून बसवलेलं असतं. काच पूर्ण वर घ्यायची, काच फिरवायचा दांडा आणि आतलं हँडल काढायचं, पॅडच्या क्लिपा सोडवायच्या, मागचं प्लास्टिक न फाडता सोलायचं आणि मग अरुंद जागेत हात घालून नट सोडवायचे. पत्र्याच्या कडा हात कापतात, हातमोजे घालाच. हँडलला जोडलेला रॉड ज्या इवल्याशा प्लास्टिकच्या क्लिपेत अडकलेला असतो, ती जुनी झालेली असली की हात लागताच तुटते. पॅडच्या क्लिपांचंही तेच. गॅरेजवाल्याकडे अशा क्लिपांचा डबा भरलेला असतो, तुमच्याकडे एकही जादा नसते. त्यामुळं असल्या हँडलसाठी मी सरळ ओळखीचं गॅरेज म्हणेन. हौस आहे, सुट्टीचा दिवस आहे आणि क्लिपा आधी आणून ठेवल्यात, तर गोष्ट निराळी.

तिसरी जात म्हणजे बटण किंवा सेन्सर असलेलं हँडल. किल्ली खिशात ठेवूनच दार उघडतं ते. त्यात वायर असते, भाग गाडीच्या नेमक्या मॉडेलचाच लागतो आणि साध्या हँडलचं काम शेकड्यांत होतं तिथं हे हजारांत जातं. काही गाड्यांत पुढच्या दारात एअरबॅगचा सेन्सरही असतो. गाडी वॉरंटीत असेल तर इथं दुसरा विचारच नको, सर्व्हिस सेंटर.

कुणाकडेही द्या, पण हँडल कशामुळं तुटलं, ते आधी शोधा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं प्लास्टिक ठिसूळ होणारच. पण नुसत्या उन्हानं हँडल सहसा मोडत नाही. लॅचमध्ये धूळ आणि वाळलेलं ग्रीस बसतं, दार जड होतं, माणूस जोर लावतो आणि मग ठिसूळ झालेला भाग तुटतो. आमच्याकडचा एक जुना मिस्त्री गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच सांगतो, "मालक, हँडल आज बदलून देतो की, पण लॅच असाच राहिला तर हेबी तुटणार बघा." लॅच साफ करून त्यावर पांढरं ग्रीस आणि दाराच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारला, तर नवं हँडल टिकतं. इंजिन ऑइल सोडू नका, आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो.

गॅरेज आणि सर्व्हिस सेंटर यांत फरक मुख्यतः दोन ठिकाणी पडतो. सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबरवरून नेमका भाग निघतो, बाजू आणि मॉडेल चुकत नाही. पण तो स्टॉकमध्ये नसला तर मागवेपर्यंत थांबावं लागतं. गॅरेजमध्ये काम लवकर होतं, मजुरी कमी, पण भाग कुठला बसवला हे तुम्हीच विचारलं पाहिजे. "ओरिजिनल टाका, आणि पाकीट मला दाखवा," असं स्पष्ट सांगा. क्रोमची स्वस्त लोकल हँडलं तर घेऊच नका, त्यांचा मुलामा निघायला लागतो. भंगारातलं जुनं हँडल रंगासकट मिळालं तरी त्यानंही तुमच्या हँडलइतकंच ऊन खाल्लेलं असतं.

गॅरेजला देताना पॅडमागचं प्लास्टिक परत नीट चिकटवायला सांगा. काचेवरचं पाणी दाराच्या आत उतरतंच आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं; ते पॅडमध्ये आणि पायाशी येऊ नये म्हणून ते प्लास्टिक असतं. घाईत फाडून टाकलेलं प्लास्टिक उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात येत नाही. सप्टेंबरच्या पावसात गाडीतलं मॅटिंग ओलं झालं की कळतं.

विम्याचा क्लेम या कामासाठी करू नका. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये तुमच्या खिशातून जातात. साधं हँडल बहुधा त्यातच येतं. वर नो क्लेम बोनसही जातो.

स्वतः करणार असाल तर किल्लीचं जुनं लॉक नव्या हँडलला लावून घ्या, नाहीतर एका दाराला वेगळी किल्ली होऊन बसते. आणि शेवटची तपासणी दार उघडं ठेवूनच करा. लॅचचा आकडा स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बंद स्थितीत आणा, टक-टक असे दोन आवाज येतात. आता बाहेरचं हँडल ओढा, आकडा झटकन सुटला पाहिजे. परत दाबा, आतल्या हँडलनं सोडवा. परत दाबा, किल्लीनं लॉक करून हँडल ओढा; आता सुटता कामा नये. किल्ली उलटी फिरवली की परत सुटला पाहिजे. हे सगळं जमलं तरच दार लावा. रॉड नीट बसला नसताना दार बंद झालं, तर बंद दाराचं पॅड काढणं मिस्त्रीलाही जड जातं, आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो.

बॉडीच्या रंगाचं हँडल बऱ्याचदा बिनरंगाचं येतं. रंगाचा कोड गाडीवरच्या कंपनीच्या माहितीच्या प्लेटवर असतो, नंबर प्लेटवर नव्हे. तो दाखवून रंग करून घ्या आणि खाली प्लास्टिकचा प्रायमर मारायला सांगा, नाहीतर रंग पापुद्र्यांनी सुटतो. रंगकाम हँडल बसवण्याआधीच उरका, म्हणजे दारावर फवारा उडत नाही.