पंधरा भागांचा संच, नऊ महिने वापर आणि न धुतलेली खापरं

हे सगळं मी जानेवारीतच लिहिणार होतो, तेही तावातावाने. तेव्हा लिहिलं नाही ते बरं झालं, कारण मधल्या काळात माझं मत दोनदा बदललं. तक्रार मात्र आहे तिथेच आहे.

संच रूथ गॅलोवेचा. पंधरा कादंबऱ्या, लेखिका एली ग्रिफिथ्स. पहिली २००९ची, शेवटची २०२३ची. इंग्लंडातल्या नॉरफोकच्या खाजणात एकटी राहणारी, हाडं ओळखणारी पुरातत्त्वज्ञ बाई आणि तिला दर भागात बोलावणारा इन्स्पेक्टर नेल्सन, एवढं बहुतेकांना ठाऊक असेल. नवा संच घ्यायचा तर आमच्या पेन्शनला घाम फुटतो. म्हणून जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून (नाव घेत नाही, प्रकरण मिटलेलं नाही) २,२५० रुपयांना घेतला. नगाला दीडशे. रद्दीच्या वरचा आणि नव्याच्या खूप खालचा भाव, म्हणून मी खूश होतो.

खोकं आलं. दिवाणावर क्रमाने पुस्तकं लावली तर चौथा भाग दोनदा आणि नववा नाहीच. फोन केला.

"सर, ऑर्डर पंधरा पुस्तकांची होती. पंधरा मिळाली ना?"

"मिळाली. पण त्यातली दोन एकच आहेत."

"म्हणजे काउंट बरोबर आहे, सर."

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा कॅशला. एकाच नंबरच्या दोन नोटा समोर आल्या तर आम्ही त्याला दोन नोटा म्हणत नसू. हे त्या मुलीला समजावलं, तर तिने मला होल्डवर टाकलं आणि सनई लावली. हिशेब केला: चौदा भागांना २,२५०, म्हणजे नग १६० रुपये ७१ पैसे पडला. सौ. म्हणाली, "आधी वाचा तरी, मग भांडा." मी दोन्ही एकदम सुरू केलं.

आता वाचनाबद्दल. पहिल्या तीन भागांत माझं ठाम मत झालं की हे खोटं आहे. कथानकाबद्दल म्हणत नाही, ते झकास आहे. पहिल्या भागात खाजणात एका मुलीची हाडं सापडतात. नेल्सनला वाटतं, दहा वर्षांपूर्वी हरवलेल्या लहान मुलीची असणार. रूथ सांगते, ही लोहयुगातली आहेत, दोनेक हजार वर्षांपूर्वीची. हाड सापडलं की पहिला प्रश्न 'कोणाचं' असा नसतो, 'केव्हाचं' असा असतो. तो प्रश्न बाईंनी बरोबर पहिल्या जागी ठेवला आहे, त्यात खोट नाही.

माझी तक्रार खापरांची आहे. खापरं धुतंय कोण?

हे मी एवढं धरून का बसलो ते सांगतो. कॉलेजात असताना ऐंशीच्या आसपास एका मित्राच्या नादाने मी वीस दिवस इनामगावला काढले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर डेक्कन कॉलेजचं उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं होतं, त्याच्या शेवटाशेवटाच्या एका हंगामात. मी इतिहासाचा विद्यार्थीसुद्धा नव्हतो, कॉमर्सचा. जेवण फुकट होतं. मला वाटलं होतं ब्रश घेऊन हळूहळू सांगाडे उघडायचे. मिळाली एक बादली, एक जुना दातांचा ब्रश आणि खापरांची घमेली. वीस दिवस मी खापरं धुतली. धुवायची, चटईवर वाळत घालायची, वाळली की आतल्या बाजूला काळ्या शाईने बारीक अक्षरात चर कुठला, थर कितवा ते लिहायचं. तो आकडा चुकला की खापर मेलं. कितीही सुंदर असो, ते कुठून आलं हे हरवलं तर त्याची किंमत कुंडीखाली ठेवायच्या तुकड्याएवढी.

जोर्वे पद्धतीचं, म्हणजे तिथल्या ताम्रपाषाणयुगातल्या लोकांचं, चांगलं भाजलेलं तांबूस खापर बोटाने टिचकी मारली की टण्ण वाजतं. त्यावर काळ्या रंगाच्या रेघा असतात. पाणी लागलं की त्या रेघा वर येतात, आणि तीन हजार वर्षांपूर्वी कुणाचा तरी हात कुठे थरथरला ते दिसतं. माझ्या आयुष्यात मी विनामूल्य मिळवलेल्या गोष्टींत हे दृश्य फार वर आहे.

आणि खापरांवरच तर सगळी मदार! सांगाडा चरात कधीतरी सापडतो, खापरं रोज निघतात. लिखित काहीच नसलेल्या जागी कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा, हे बऱ्याचदा तीच सांगतात. इजिप्तमध्ये फ्लिंडर्स पेट्रीने थडग्यांतल्या मडक्यांच्या घाटावरूनच थडग्यांचा क्रम लावला होता. आमच्याकडे त्याआधीच्या माळवा पद्धतीची खापरं कुठे संपतात आणि जोर्व्याची कुठे सुरू होतात, यावर अख्ख्या गावाचा काळ उभा आहे.

तर अशा माणसाने या कादंबऱ्या वाचायला घेतल्या. हाडं येतात. तिसऱ्या भागात समुद्रकड्याखाली एकदम सहा सांगाडे. सातव्यात जमिनीखाली दुसऱ्या महायुद्धातलं विमान आणि आत माणूस. खापरांचा उल्लेख कुठे येतोही, नाही असं नाही, पण त्यांच्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही. ज्याच्यावाचून आमचं पान हलत नसे, ते इथे नेपथ्य. मी समासात पेन्सिलने 'खा. नाही' असं लिहायला लागलो. पाचव्या भागापर्यंत सतरा वेळा लिहून झालं होतं. शिवाय सगळं वर्तमानकाळात. ती येते, ती बसते, मांजराला खायला घालते. कबड्डीचं धावतं समालोचन ऐकतोय असं वाटतं.

पाच भाग झाल्यावर कुणी विचारलं असतं तर पाचपैकी दोन तारे दिले असते. त्यातला एक मांजराला.

मग जुलै आला. यंदाच्या पावसात आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जागी बांधलेल्या बिल्डिंगच्याही भिंतींना ओल आली, आणि पुस्तकांचा डिंक सुटला. सहाव्याची पानं पत्त्यांसारखी हातात. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की 'वापरलेल्या स्थितीत' विकलं होतं. नारायण पेठेत एक बाइंडर आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी कणा दाबून बघितला, म्हणाले, "गमवर आहे, टाके नाहीत. टाके मारून देतो, ऐंशी रुपये." मी साठ म्हटलं. सत्तरला तुटलं. म्हणजे सहावा भाग आता २३० रुपये ७१ पैशांचा आहे, पण माझ्यानंतरही टिकेल. घासाघीस करताना त्यांनी विचारलं, "कशावर आहे?" मी म्हटलं, हाडांवर. ते म्हणाले, "मग घट्ट बांधतो."

ज्याच्यावर सत्तर रुपये घातले ते पुस्तक माणूस लक्ष देऊन वाचतो. सहाव्यापासून मला दिसायला लागलं की मी भलत्या जागी खणत होतो. रूथचं खरं काम चरात कमी आणि विद्यापीठात जास्त आहे. मीटिंगा, विभागप्रमुख, विद्यार्थ्यांचे पेपर, वाढलेलं वजन, मुलीला कोणाकडे ठेवायचं. पुरातत्त्व म्हणजे टोपी घालून थडग्यात उतरणं नव्हे, नोकरी आहे, हे या बाईंना कळलं आहे. कसं कळलं तेही नंतर वाचलं. एली ग्रिफिथ्स हे टोपणनाव, खरं नाव डोमेनिका दे रोझा. त्यांच्या नवऱ्याने शहरातली नोकरी सोडून पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलं. नॉरफोकला सुटीवर असताना तो म्हणाला की दलदलीची जागा प्राचीन लोकांना पवित्र वाटायची, धड जमीन नाही नि धड पाणी नाही, म्हणून इहलोक-परलोकामधला पूल. त्या एका वाक्यातून मालिका सुरू झाली. चांगली नोकरी सोडून खापरांमागे गेलेल्या माणसाच्या बायकोला त्या धंद्याची मिळकत किती हे कुणी शिकवावं लागत नाही. रूथच्या घरात पैशाचा विचार सतत असतो. मला तो आवडला.

इथे एक फाटा. आपल्याकडे अशी मालिका का नाही, हा विचार येतोच. इनामगावचंच घ्या. लहान मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली, घरातल्या जमिनीखाली. मोठ्या माणसांना पुरताना बऱ्याचदा पावलं तोडलेली. आणि गावाच्या मध्यावर, धान्याचं कोठार असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. यावर रहस्यकथा लिहायला इंग्लंडला जायची गरज नाही. खेड्यात ज्या टेकाडाला 'पांढरी' म्हणतात, शेतकरी जिथली माती खत म्हणून गाडीने नेतात, तिथे प्रत्येक गाडीत पुरावा जातोय. अडचण एकच, आपल्याकडची नायिका अर्धी कादंबरी परवानगीत घालवील. १८७८चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा. दहा रुपये! कायदा इंग्रजांचा, पण आकडा पुण्यात ठरवल्यासारखा आहे.

असो. ऑगस्टमध्ये मी तिसऱ्यांदा लेखी तक्रार केली, मुद्देसूद, अ ते ऊ. उत्तरादाखल एक पाकीट आलं. मला वाटलं नववा भाग. आत 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशी चिठ्ठी आणि अगाथा ख्रिस्तीची एक पिवळी पडलेली प्रत: 'मर्डर इन मेसोपोटेमिया', १९३६ची कादंबरी. नववा मागितला, हे पाठवलं. मी परत पाठवणार होतो, पण कुरिअर माझ्याच खर्चाने होतं, म्हणून ठेवून घेतली.

आणि काय सांगू. इराकमधलं उत्खनन, मोहिमेचं घर, मध्ये अंगण, आणि त्या अंगणात एक पोऱ्या बसून काय करतोय? खापरं धुतोय! नुसता शोभेला नाही हो. खोलीत बाईचा खून होतो, त्या खोलीचं दार अंगणात उघडतं, अंगणात खापरं धुणारा बसलेला. म्हणजे आत गेलेला माणूस त्याला दिसायला हवा. आणि तो पठ्ठ्या दहा मिनिटं काम टाकून फाटकाशी गप्पा मारायला गेलेला. सगळ्या तपासाला त्या दहा मिनिटांची गाठ बसते. गच्चीवरही खापरांचीच निवडानिवड. मी रात्री पावणेबाराला सौ.ला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हीही जात होतात का हो असे गप्पा मारायला?" जात होतो. विडी ओढायला. रोज.

ख्रिस्तीबाईंना हे माहीत असणारच. १९३०मध्ये त्यांनी मॅक्स मॅलोवन या पुरातत्त्वज्ञाशी लग्न केलं आणि पुढे कितीतरी हंगाम त्याच्या उत्खननांवर स्वतः राबल्या. इराकमधल्या निमरुदला सापडलेले हस्तिदंती नग त्यांनी स्वतःचं तोंडाला लावायचं क्रीम वापरून साफ केले. आपली क्रीमची बाटली तीन हजार वर्षांच्या मातीवर खर्च करणारी बाई! मला तिच्याबद्दल एकदम घरोबा वाटला. या कादंबरीला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण खुन्याची युक्ती मला पटत नाही. कोण ते सांगत नाही.

त्यानंतर उरलेले रूथचे भाग वाचले ते रागावाचून. चौदावा तर लॉकडाउनमधला आहे. रूथ घरात कोंडलेली, मुलीचा अभ्यास, स्क्रीनवरची लेक्चरं. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा दुधाच्या पिशव्या धुवायचो, ते आठवलं. वर्तमानकाळही आता खटकत नाही, कान बसला. 'खा. नाही' लिहिणं अकराव्यात बंद केलं. एकूण बेचाळीस नोंदी झाल्या, त्या खोडणार नाही, कारण तक्रार खरी आहे.

घ्यावं का? लायब्ररीत मिळाले तर आधी पहिले दोन आणून बघा, हाडांच्या गोष्टी झेपतायत का. आवडले तर सुटे घेऊ नका, कारण रूथ आणि नेल्सनचं जे काही चाललेलं असतं ते क्रमाने वाचलं नाही तर कळत नाही. आठव्यावरून दहाव्यावर उडी मारल्यामुळे मी स्वतः दोन प्रकरणं चाचपडत होतो. जुना संच घेत असाल तर पैसे देण्याआधी सगळ्या कण्यांचा एकत्र फोटो मागवा आणि आकडे स्वतः मोजा. एकूण खर्च, बाइंडिंग धरून, २,३२०. पाचपैकी साडेतीन तारे. विक्रेत्याला शून्य, पण ख्रिस्तीची प्रत पाठवली म्हणून एक.

चौथा भाग माझ्याकडे जादा आहे. चांगल्या स्थितीत, पेन्सिलच्या खुणा नाहीत, डिंक अजून धरून आहे. कुणाकडे नववा असेल तर अदलाबदल करू. पुण्यात असाल तर मी येऊन नेईन, दुपारी चारनंतर. बाहेरगावी असाल तर पोस्टेज अर्धं अर्धं.