फ्लॅट कापडाचे की प्लायचे?

हौशी नाटक, बेताचं बजेट आणि तीन भिंतींचा दिवाणखाना उभा करायचा म्हटलं की हा प्रश्न येतोच. फ्लॅट म्हणजे रंगमंचावरच्या भिंतीचा सुटा तुकडा, लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय लावलेला. आमच्या संस्थेत मी आधी काही वर्षं प्लायचे फ्लॅट वापरले, मग कापडाकडे वळलो.

प्लाय भक्कम, यात वाद नाही. दार धाडकन आपटलं तरी भिंत हलत नाही, घड्याळ किंवा फोटो हवा तिथे ठोकता येतो. सगळे प्रयोग एकाच नाट्यगृहात असतील तर प्लायला नावं ठेवायचं कारण मला दिसत नाही.

माझं मन फिरलं ते ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे दिवे घालवून सेट बदलतात त्या अंधारात. दुसऱ्या अंकात दोन भिंती फिरवायच्या होत्या. चार बाय आठ फुटांचा प्लायचा फ्लॅट न्यायला दोघं लागायचे, आणि आमच्याकडे ते दोघं म्हणजे पुढच्या प्रवेशातले नटच. विंगेत वळताना कोपरा कुठेतरी लागायचा आणि ठक्क आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. खाली फेल्ट लावलं, सेट बदलण्याच्या वेगळ्या तालमी घेतल्या, तरी दर प्रयोगाला एखादा ठक्क व्हायचाच. आईला मुलगा गेल्याची बातमी नुकतीच कळली आहे, दिवे मालवलेत, प्रेक्षागृह श्वास रोखून बसलंय, आणि त्यात तो आवाज. मला ते सहन होईना.

कापडाचा तेवढाच फ्लॅट मी एकटा कडेच्या पट्टीला धरून नेतो. कुठे घासला तरी पुढे ऐकू जात नाही.

मेहनत मात्र कापडाला जास्त. मांजरपाट कोरा घ्या, धुतलेला नको. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये खडूची पूड घालून खळ दिली की तो आटतो आणि त्यानेच ताण बसतो. म्हणून ठोकताना फार ओढू नका. मी पहिल्याच फ्लॅटला जोर लावला आणि सकाळी बघतो तर कडेच्या पट्ट्या आत वाकलेल्या. शेजारच्या फ्लॅटशी कड जुळेना, फटीतून उजेड दिसायला लागला. कापड फक्त बाहेरच्या चौकटीला चिकटवा, मधल्या आडव्या पट्ट्यांना चिकटलं तर दिव्यात त्यांच्या रेघा उमटतात. मागच्या बाजूला गडद रंगाचा हात हवाच, नाहीतर मागचा दिवा आरपार दिसतो. तापलेल्या दिव्यांपासून कापड लांब ठेवा. फाटलं तर मागून त्याच कापडाचं ठिगळ लागतं.

दार आपटल्यावर कापडी भिंत थरथरते, हा दोष खराच. त्यावर मी दाराचा तेवढा एक फ्लॅट प्लायचा ठेवलाय, त्याला मागून स्वतंत्र टेकू देतो आणि तो अंकभर जागचा हलवत नाही. बाकी सगळे कापडाचे.

तुमचं नाटक फिरतं असेल तर निदान एक कापडी फ्लॅट करून बघा. दिवे घालवून तो आणि प्लायचा, दोन्ही विंगेत नेऊन ठेवा, आणि त्या वेळी कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा.