रास्पबेरी पाय ४ आणि साटा-यूएसबी अडॅप्टर: बोर्डाला पूर्ण गुण, अडॅप्टर पारखून घ्या

तासगावकडच्या द्राक्षबागेत तापमान, आर्द्रता आणि पानओलावा नोंदवायला रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक घ्यावा का? जरूर घ्यावा. फक्त तो मायक्रोएसडी कार्डावर कायमचा चालवू नये. शेतीची लाइट पाळीने येते आणि न सांगता जाते. नोंद लिहिली जात असताना वीज गेली की कार्ड आज ना उद्या दगा देतंच. अडीच इंची एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) आणि ती यूएसबी पोर्टाला जोडणारा साटा-यूएसबी अडॅप्टर ही जोडी त्यापेक्षा बरीच टिकाऊ.

गोची अडॅप्टरमध्ये आहे. सांगली-मिरजेत काउंटरवर मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या अडॅप्टरच्या खोक्यावर आतली चिप कोणती ते सहसा छापलेलं नसतं. लिनक्सचा लॅपटॉप सोबत न्या, अडॅप्टर लावून 'एलएसयूएसबी' (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवा. आयडी १५२डी ने सुरू झाला तर चिप जेमायक्रॉनची, १७४सी ने झाला तर एएसमीडियाची. एएसमीडियावाले तुलनेने कमी कुरकुरतात (सगळेच नाहीत). जेमायक्रॉनच्या काही चिपांचं पायवर यूएएस ड्रायव्हरशी (यूएसबी डिस्क वेगाने चालवणाऱ्या लिनक्सच्या भागाशी) पटत नाही. मग डिस्क मध्येच अर्धा मिनिट गोठते आणि 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) नोंदींत, यूएएस अबॉर्टच्या ओळी दिसतात.

उपाय 'सीएमडीलाइन.टीएक्सटी' या, पाय सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये आहे. तिच्या सुरुवातीला 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू' लिहून एक स्पेस सोडायची; आकडे अर्थातच आपल्या अडॅप्टरचे. ही फाइल एका ओळीचीच असली पाहिजे. चुकून एंटर दाबला गेला तर पुढचा मजकूर वाचलाच जात नाही, आणि रूट पार्टिशनचा (डिस्कवरच्या मुख्य सिस्टिमच्या भागाचा) पत्ता त्यात गेला तर बूट तिथेच अडकतं. हा क्वर्क (यूएएस टाळण्याची ही सूचना) लागू झाला की 'एलएसयूएसबी -टी'मध्ये यूएएसच्या जागी यूएसबी-स्टोरेज हा साधा ड्रायव्हर दिसतो. वेग थोडा उतरतो, पण हवामानाच्या नोंदींना काय फरक पडतो! त्याच यादीत ५०००एम ऐवजी ४८०एम दिसलं तर प्लग काळ्या पोर्टात आहे, निळ्यात लावा.

या फाइली कुठे असतात यावरूनही गोंधळ होतो. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, बूटच्या फाइलींचं फॅट पार्टिशन '/बूट/फर्मवेअर' इथे माउंट होतं (जोडलं जातं). जुने व्हिडिओ बघून '/बूट' मधली 'कॉन्फिग.टीएक्सटी' बदलली तर काहीच घडत नाही. पाय ४ चा बूटलोडर बोर्डावरच्या चिपमध्ये असल्याने पाय ३ सारखी 'बूटकोड.बिन' लागत नाही. तो फॅट पार्टिशनवरची 'स्टार्ट४.ईएलएफ' उचलतो, मग कॉन्फिग, डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन) आणि कर्नल. हिरवा दिवा चार वेळा लुकलुकला तर स्टार्ट फाइल सापडलेली नाही, सात वेळा तर कर्नल. विंडोजला यातलं फक्त फॅट पार्टिशन वाचता येतं. दुसऱ्या, म्हणजे रूट पार्टिशनसाठी तो 'फॉरमॅट करू का' विचारतो, तिथे हो म्हणू नका.

कार्डावरची सिस्टिम एसएसडीवर न्यायला एसडी कार्ड कॉपियर हा प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात नवीन पार्टिशन यूयूआयडीच्या (पार्टिशनच्या ओळख क्रमांकाच्या) चौकटीत खूण करा. 'डीडी' या आज्ञेने हुबेहूब नक्कल केली तर दोन्हीकडे एकच आयडी राहतो, आणि दोन्ही लावलेले असले तर सिस्टिम नेमकी कुठून चालतेय ते कळत नाही. बूटचा नेहमीचा क्रम ०एक्सएफ४१ असतो. तो उजवीकडून वाचायचा: आधी कार्ड (१), मग यूएसबी (४). म्हणून काम झालं की कार्ड काढून ठेवा. जुन्या स्टॉकमधला बोर्ड असेल तर आधी बूटलोडर अपडेट करा.

नोंदींच्या बॅकअपचा पेनड्राइव्ह मधूनमधून काढून घरी नेला जाणार, म्हणून 'एफएसटॅब'मध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या फाइलमध्ये) 'एसडीए१' लिहू नका, ते नाव बदलतं. 'एलएसबीएलके -एफ'मधून यूयूआयडी घ्या आणि पर्यायांत 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) हवाच. तो नसेल तर पेनड्राइव्हविना सुरू होताना पाय ९० सेकंद वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातो. तिथे रूट खातं कुलूपबंद असल्याने लॉगिनही होत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा असेल तर 'यूआयडी=१०००'ही जोडा, कारण त्यात फाइलीच्या मालकाची नोंदच नसते. रीबूट करण्याआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवलं की टायपिंगच्या चुका सापडतात.

नोफेलची दुसरी बाजू कमी जणांना ठाऊक असते. पेनड्राइव्ह नसताना बॅकअप त्या रिकाम्या फोल्डरमध्येच, म्हणजे एसएसडीवरच, साचत जातो. पेनड्राइव्ह अनमाउंट करून त्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर +आय' (आत काही लिहू न देणारी आज्ञा) लावा. मग बॅकअप गुपचूप भलतीकडे न जाता तिथेच एरर देतो.

मोबाइलच्या चार्जरवर हे सगळं चालवायचा मोह होतो. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच चार्जर घ्या; चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. रात्रभर चालवून 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' बघा. ०एक्स० आलं तर ठीक, ०एक्स५०००० आलं तर मध्ये कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. तेव्हा आधी चार्जर बदला, मगच एसएसडीला दोष द्या.