रोझमेरीचे रोप: घ्यावे, पण माती त्याच दिवशी बदलावी

नाशिकमधील गंगापूर रस्त्यावरील एका रोपवाटिकेतून मी दीड वर्षात रोझमेरी या सुगंधी पानांच्या झुडपाची दोन रोपे घेतली. पहिले जुलैमध्ये दगावले आणि दुसरे आज आमच्या गच्चीवर गुडघाभर वाढले आहे. रोपांबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही रोपे निरोगी होती. पान चुरगळले की कापूर आणि निलगिरी यांच्या मधला दरवळ बोटांना तासभर राहत होता. दीडशे रुपये ही किंमतही मला रास्त वाटली.

तक्रार आहे ती सोबत मिळालेल्या सल्ल्याची. रोप निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भुशात होते आणि "तुळशीसारखे रोज सकाळी पाणी घाला, ताई" असे सांगण्यात आले. रोझमेरी तुळशीच्याच कुळातील खरी, पण भूमध्य समुद्राकाठी, जिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो, तिथली ती आहे. आपल्याकडे ऐन उबदार दिवसांत जून ते सप्टेंबर पाऊस असल्यामुळे ओल आणि ऊब एकत्र येते व मुळे कुजतात. पानांची टोके काळी पडू लागली तेव्हा रोप तहानले असावे असे समजून मी पाणी वाढवले. शेवटी कुंडी उलटी केली, तर मुळांची तपकिरी साल बोटांत सुटून आली. ते पाहून फार वाईट वाटले.

दुसरे रोप मी आणले त्याच दिवशी दहा इंची मातीच्या कुंडीत हलवले. बागेतील माती, जाडी वाळू आणि बारीक खडी समप्रमाणात घेतली व शेणखत मूठभरच घातले. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून कुंडीसाठी ती नुसती वापरू नये. सहा तास थेट ऊन मिळेल अशा कठड्याजवळ कुंडी ठेवली, पावसाळ्यात पत्र्याखाली पण वारा खेळेल अशा जागी सरकवली, आणि बोटाची दोन पेरे माती कोरडी लागल्याशिवाय पाणी घातले नाही. जानेवारीत पानांवर पांढरी भुकटी दिसली. द्राक्षबागायतदार ओळखतात तसाच हा भुरी नावाचा बुरशीचा रोग. आतल्या दाट फांद्या काढून हवा मोकळी केल्यावर ती पसरली नाही. छाटणी मात्र हिरव्या भागातच करावी, कारण पाने नसलेल्या जुन्या खोडाला सहसा नवी पालवी फुटत नाही. त्याआधी नोव्हेंबरमध्ये केलेल्या छाटणीतील चार इंची आठ काड्या वाळूत लावल्या होत्या, त्यांपैकी पाच जगल्या.

रोपवाटिकेने कोकोपीटऐवजी निचऱ्याची माती द्यावी आणि रोपाशेजारी लावलेली "घरातील सावलीसाठी" ही पाटी काढावी, असे मी तिथे सांगून आले आहे. तेथील माणसे सौजन्याने ऐकून घेतात. तिथे गेलात तर हिरव्या जाळीखालचे लांबुडके रोप न घेता बाहेर उन्हातल्या रांगेतील बुटके, दाट फांद्यांचे रोप मागून घ्या.