कॉपीराइट काढून देणाऱ्या मध्यस्थांपासून सावध

वडसा परिसरात दिवाळीनंतर झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, हंगाम सुरू होण्याआधी नाट्यमंडळे नव्या संहिता शोधत असतात, आणि त्याच सुमारास ‘कॉपीराइट काढून देतो’ असे सांगणारा एक मध्यस्थ आमच्या घरी आला. नोंदणीवाचून लेखकाचा हक्क उभाच राहत नाही, असे पटवून त्याने नाटके लिहिणाऱ्या माझ्या वडिलांकडून ८,००० रुपये घेतले. वास्तविक कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संहिता लिहिली जाताच हक्क लेखकाचा होतो. नोंदणी ऐच्छिक असून ती न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि नाट्यसंहितेसाठी तिचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे.

पैसे गेले ते एक वेळ सोसले असते. खरी मेख कागदांत होती. इंग्रजीतल्या ज्या दोन कागदांवर त्याने सह्या घेतल्या, त्यांतील एक हक्कांचे हस्तांतरणपत्र होते आणि दुसरे लेखकाचे ना-हरकत पत्र, जे अर्जदार स्वतः लेखक नसल्यास अर्जासोबत जोडावे लागते. पुढे डायरी क्रमांकाची पावती दाखवून ‘नोंदणी झाली’ असे त्याने सांगितले. हा क्रमांक म्हणजे अर्ज पोहोचल्याची केवळ पोच. त्यानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबतात, मग तपासणी होते आणि ती पार पडली तरच प्रमाणपत्र मिळते. पावतीवर अर्जदार म्हणून नाव होते ते त्या मध्यस्थाचे.

तालुक्याच्या वकिलांनी हस्तांतरणपत्र वाचले, तेव्हा त्यात मुदत लिहिलेलीच नव्हती. अशा वेळी कायदा ते हस्तांतरण ५ वर्षांपुरतेच धरतो, आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरतेच. आपल्याकडे ‘हक्क विकले’ म्हणजे ते कायमचे गेले असेच लेखक समजतात (आणि तो समज दूर करण्याची कोणत्याही खरेदीदाराला घाई नसते). शिवाय हक्क दिल्यानंतरही संहितेचा लेखक म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

हरकतींची ३० दिवसांची मुदत संपण्याआधी वडिलांनी कॉपीराइट निबंधकांकडे लेखी हरकत पाठवली आणि पोलिसांतही तक्रार दिली. हरकतीसोबत त्यांच्या हस्ताक्षरातील मूळ वही आणि लेखक म्हणून त्यांचे नाव छापलेली पहिल्या प्रयोगाची हँडबिले जोडली आहेत. प्रमाणपत्र निघून गेले असते, तर नोंदवहीतील नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले असते. सुनावणी अजून व्हायची आहे.